पिकअपच्या इंजिनात कोणतं ऑईल घालायचं?

(जिल्हा बैठकीत मुलुंडच्या एका मेस्त्रींनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी मुलुंडला चेकनाक्याच्या अलीकडे गाड्यांची कामं करतो. रस्त्याचं नाव लालबहादूर शास्त्री मार्ग. जुनी माणसं अजून आग्रा रोडच म्हणतात. कसारा घाट उतरून भिवंडी-ठाण्यावरून मुंबईत शिरणाऱ्या कितीतरी गाड्या आमच्या दारावरून जातात. त्यामुळे तुमच्या पिकअप मला ठाऊक आहेत. कार्यकर्त्यांनी मला बजावलं होतं, की कपाशीवर बोलू नका, ते यांना तुमच्यापेक्षा जास्त कळतं. म्हणून ऑईलवर बोलतो.

आधी हिशेब. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. दारात काटा घेऊन येणारा व्यापारी किती देतो ते तुम्ही जाणता. समजा तो क्विंटलमागे ५०० रुपये कमी देतो आणि तुमच्या गाडीत १२ क्विंटल कापूस मावतो. म्हणजे एका खेपेला ६,००० रुपयांचा फरक. डिझेल आणि हमाली वजा करा, तरी काही उरतंच. गाडी बंद पडून दारात उभी असेल तर ते सगळे पैसे त्या व्यापाऱ्याचे. आणि एकदा इंजिन उघडलं, की लायनर, पिस्टन, क्रँक, टर्बो असं करत बिल वाढत जातं, वर आठ-दहा दिवस गाडी उभी. तेही नेमकं वेचणीच्या दिवसांत, कारण गाडी जास्त पळते तेव्हाच ती बसते.

आता दुकानात गेल्यावर आपण काय मागतो? "चांगलं ऑईल द्या." कृषी सेवा केंद्रात जाऊन "चांगलं बियाणं द्या" असं तुम्ही म्हणता का? जमीन भारी की हलकी, पाणी आहे की कोरडवाहू, हे आधी पाहता. ऑईलचंही तसंच. तुमच्या इंजिनाला कोणतं, हे गाडीच्या पुस्तकात छापलेलं असतं. ते पुस्तक बहुतेकांच्या घरी प्लॅस्टिकच्या पिशवीत, देव्हाऱ्याच्या मागे असतं. ते बाहेर काढा. ऑईलचं पान सापडलं की निम्मं काम झालं.

त्या पानावर आणि डब्यावर दोन गोष्टी जुळवायच्या. पहिली म्हणजे आकडा : २० डब्ल्यू-४०, १५ डब्ल्यू-४०, ५ डब्ल्यू-३० असा. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीत ऑईल किती सहज वाहतं ते सांगतो, जितका लहान तितकं लवकर वाहतं. नंतरचा आकडा इंजिन तापल्यावर, म्हणजे १०० अंशांना, ते किती घट्ट राहतं ते सांगतो. नव्या गाडीच्या पुस्तकात ५ डब्ल्यू-३० लिहिलेलं पाहून गावचा मेस्त्री म्हणतो, "हे पाण्यासारखं पातळ, आपल्या ४५ अंशांच्या उन्हात टिकायचं नाही, २० डब्ल्यू-४० टाका." ऐकायला पटतं. पण बाहेर ४५ असो की १५, तापलेल्या इंजिनातलं ऑईल साधारण ९० ते ११० अंशांवरच चालतं. आणि पातळ ऑईलसाठी बनवलेल्या इंजिनात फटीच बारीक ठेवलेल्या असतात. तिथे घट्ट ऑईल सकाळी गाडी चालू केल्यावर वेळेवर पोचत नाही, आणि इंजिनाची बरीच झीज त्याच सुरुवातीच्या मिनिटांत होते.

दुसरी गोष्ट अक्षरांची, आणि घोटाळा होतो तो इथेच. डब्यावर एपीआय असं लिहून पुढे अक्षरं असतात. एस-ने सुरू होणारी पेट्रोलची, सी-ने सुरू होणारी डिझेलची. डिझेलमध्ये सीएफ-४ हे १९९० चं, सीएच-४ १९९८ चं, सीआय-४ २००२ चं, सीके-४ २०१६ च्या अखेरचं. साधारणपणे वरचं अक्षर जुन्या इंजिनाला चालतं, खालचं नव्या इंजिनाला चालत नाही.

का चालत नाही, ते समजून घ्या, नाहीतर दुकानदार पुन्हा फिरवील. पूर्वी आपल्या डिझेलमध्ये गंधक फार असायचं. गंधक जळालं की आम्ल तयार होतं, आणि आम्ल इंजिन खातं. त्याला मारायला ऑईलमध्ये कॅल्शियमची द्रव्यं घालतात. चुनखडीच्या जातीचंच काम म्हणा. पण ऑईलचा थोडा भाग जळतोच, आणि ही द्रव्यं जळून मागे राख राहते. जुन्या गाडीत ती राख सायलेन्सरमधून बाहेर पडायची, कुणाचं काही अडत नव्हतं. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ च्याच नव्या गाड्या विकल्या जातात. त्यांचं डिझेलही वेगळं : बीएस-४ च्या डिझेलमध्ये दर दहा लाख भागांत ५० भाग गंधक चालत होतं, आता १० च. डिझेलच्या बीएस-६ गाड्यांना बहुतेक ठिकाणी सायलेन्सरच्या वाटेवर काजळी धरणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. काजळी जळून जाते, राख जळत नाही, ती जाळीतच साठते. जुन्या पद्धतीचं जास्त राखेचं ऑईल तिथे घातलं, की जाळी लवकर चोंदते, गाडी ओढ सोडते, डॅशबोर्डवर दिवा लागतो. ती जाळी बदलण्याचा खर्च ऐकून माणसं मटकन बसलेली मी पाहिली आहेत. म्हणून अशा गाडीला पुस्तकात लिहिलेलं कमी राखेचंच ऑईल. शंभर-दोनशे रुपये लिटरमागे जास्त गेले तरी जाऊ द्या.

जाळीवरून आणखी एक. ती साफ व्हायला गाडी काही वेळ वेगात, तापून चालावी लागते. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला; तशा रस्त्यावर हे काम आपोआप होतं. पण घर ते शेत, शेत ते जिनिंग, सहा-सात किलोमीटरच्या खेपा करणाऱ्या गाडीत ते अर्ध्यावर राहतं. काही इंजिनांत जाळी तापवण्यासाठी सोडलेलं जास्तीचं डिझेल खाली ऑईलमध्ये उतरतं. अशा वेळी गेजच्या पट्टीवर ऑईल वर चढलेलं दिसतं. आपला माणूस खुश होतो, ऑईल खातच नाही म्हणतो! ते ऑईल डिझेलने पातळ झालेलं असतं. पट्टीचा वास घ्या. डिझेलचा वास येत असेल तर किलोमीटर पुरे व्हायची वाट पाहू नका, बदला. ऑईल दुधाळ, चहासारखं झालं असेल तर पाणी शिरलंय, गाडी चालवूच नका. नुसतं काळं झालं म्हणून मात्र घाबरू नका. डिझेल इंजिनात ते थोड्याच दिवसांत काळं होतं, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे.

काही बीएस-६ गाड्यांना डीईएफ नावाचं द्रावण लागतं. त्यात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असतं. युरिया म्हटल्यावर आपले डोळे कुठे जातात ते मला माहीत आहे. घरात गोणी आहे म्हणून ती बादलीत विरघळवून टाकू नका. खताच्या युरियाला कडुनिंबाचं लेपन असतं, विहिरीच्या पाण्यात क्षार असतात. दोन्ही त्या यंत्रणेचा सत्यानाश करतात.

ऑईल कधी बदलायचं? पुस्तकात किलोमीटर दिलेले असतात आणि बहुधा महिनेही. पण कष्टाच्या कामाला, म्हणजे धूळ, ओझं, सारखं थांबणं, यासाठी बहुतेक पुस्तकांत लवकरचा वेगळा आकडा असतो. तोच तुमचा. ट्रॅक्टरचं ऑईल तुम्ही तासांवर बदलता ना? पुष्कळ ट्रॅक्टरांना २५० तास सांगितलेले असतात. तोच हिशेब पिकअपला लावून पाहा. सरासरी ताशी ५० ने चालणारी गाडी २५० तासांत १२,५०० किलोमीटर जाते, ताशी २५ ने चालणारी ६,२५०. इंजिन मात्र दोघींचं सारखंच फिरलं. १ जुलै २०१७ ला जकात बंद होईपर्यंत आमच्या नाक्यावर गाड्यांच्या रांगा लागायच्या, इंजिन चालू, मीटर जागच्या जागी. आता ती रांग बाजार समितीच्या दारात किंवा खरेदी केंद्रावर लागते. इंजिन बंद ठेवत चला. घाट चढून चहाला थांबलात तर मात्र उलट करा : टर्बोची गाडी मिनिट-दोन मिनिटं चालू ठेवा, मग बंद करा. तापलेल्या टर्बोतलं ऑईल जागीच करपतं.

धुळीचं वेगळं सांगायला नको. ज्वारीचं खळं चालू असताना गाडी शेजारी उभी करून इंजिन चालू ठेवणं म्हणजे इंजिनाला कुसळं आणि माती चारणं. एअर फिल्टर फाटका असेल तर जगातलं सगळ्यात महाग ऑईलही काही करणार नाही, कारण मातीतली वाळू लोखंड घासते. ऑईलबरोबर ऑईल फिल्टरही दरवेळी बदला. जुना फिल्टर ठेवून नवं ऑईल भरणं ही काटकसर मला अजून कळलेली नाही.

ट्रॅक्टरच्या गिअर आणि हायड्रॉलिकचं उरलेलं तेल पिकअपच्या इंजिनात ओतू नका, ते त्यासाठी नसतं. सुटं ऑईल कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका. सीलबंद डबा, त्यावर तारीख, आणि पक्कं बिल. डबा रिकामा झाला की त्याला खिळ्याने भोक पाडा, झाकणही तोडा. चांगल्या स्थितीतला रिकामा डबा भंगारात गेला, की तो पुन्हा भरून कुणाच्या तरी गावात यायची भीती असते.

काढलेलं जुनं ऑईल आपल्याकडे मेढीला, दाराच्या चौकटीला वाळवी लागू नये म्हणून फासतात, बैलगाडीच्या आसाला घालतात. वर्षानुवर्षं हाताला लागत राहिलं तर ते कातडीला घातक आहे, आणि विहिरीजवळ ओतलं तर पाण्याला. २०१६ च्या नियमांनी ते घातक कचऱ्यात धरलंय. वर्कशॉपमध्येच ठेवून या, किंवा कॅनमध्ये साठवून तिथे द्या. आता पुस्तकं बरोबर आणली असतील त्यांनी पुढे या, तुमच्या गाडीचं पान एकेक करून पाहू.