थांबण्याचाही एक धर्म असतो

(मकरसंक्रमण उत्सवानिमित्त दौंड येथे व्यापारी, वाहतूक व्यावसायिक आणि वाहनचालक यांच्या एकत्रीकरणात झालेले भाषण)



संक्रांतीच्या उत्सवात तिळगुळाचे रूपक आपण नेहमी ऐकतो. सुटे सुटे तीळ गुळाच्या स्नेहाने एकत्र येतात, तसा समाज संघटित व्हावा, असा त्याचा आशय. तो खराच आहे. परंतु हा तिळगूळ आपल्या हातात पोहोचला कसा, याचा विचार आपण क्वचितच करतो. गूळ आपल्याच तालुक्यातील गुऱ्हाळांतला असेल, पण तीळ दूरच्या बाजारपेठेतून मालमोटारीने आला. कोणी एक चालक त्यासाठी रात्रभर जागला. सकाळी तो पेठेत पोहोचला, दुकानासमोर गाडी आडवी लावून माल उतरवू लागला आणि तासभर सारी पेठ तुंबली. शाळेची मुले अडकली, कामावर निघालेले लोक अडकले, आणि मग त्या चालकाच्या वाट्याला आपल्याकडून जे शब्द आले, त्यांत तिळगुळाचा गोडवा खासच नव्हता!

आजचा माझा विषय हाच आहे. मालवाहू वाहने कोठेही उभी राहतात, कशीही हाकली जातात, ही आपली सर्वांची तक्रार आहे. ती रास्त आहे. प्रश्न एवढाच, की तक्रारीच्या पुढे आपण जाणार आहोत की नाही?

दौंडची भूमी मुळातच वाहतुकीची भूमी. १८७८ मध्ये मनमाडकडे जाणारा लोहमार्ग सुरू झाला आणि भीमाकाठचे हे गाव देशाच्या नकाशावर जंक्शन म्हणून ओळखले जाऊ लागले. पण ज्या लोहमार्गाने गावाला वैभव दिले, त्यानेच गावाचे दोन भाग केले. त्या दोन भागांना जोडणाऱ्या कुरकुंभ मोरीने दौंडकरांच्या किती पिढ्यांच्या सहनशीलतेची परीक्षा पाहिली, हे येथे बसलेल्यांना मी सांगण्याची आवश्यकता नाही. मोरीच्या तोंडाशी एक टेम्पो उभा राहिला की दोन्हीकडची गावे एकमेकांना परकी होतात. दक्षिणेला पुणे-सोलापूर महामार्ग, त्यालगत कुरकुंभची औद्योगिक वसाहत आणि तेथे येणारे रसायनांचे टँकर. उत्तरेला अहिल्यानगरचा रस्ता. शेजारच्या शिरूर तालुक्यात रांजणगावची वसाहत. आणि गळीत हंगाम सुरू झाला की पाटस, आलेगाव, पाटेठाण येथील कारखान्यांकडे निघालेल्या उसाच्या गाड्यांची रांग. एवढा भार वाहणाऱ्या तालुक्यात वाहन चालवण्याला जितके महत्त्व, तितकेच ते थांबवण्याला आहे.

थांबलेले वाहन निरुपद्रवी असते, अशी आपली एक समजूत असते. वस्तुतः रात्रीच्या महामार्गावर अंधारात उभे असलेले वाहन धावत्या वाहनापेक्षा अधिक घातक ठरू शकते. साधा हिशेब करून पाहा. ताशी ८० किलोमीटर वेगाने येणारी मोटार एका सेकंदात २२ मीटर अंतर कापते. दिव्याचा झोत खाली असेल तर चालकाला पुढचे सुमारे ४०-५० मीटर दिसते. समोर काही आहे हे मेंदूला उमगून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सेकंद-दीड सेकंद जातो, म्हणजे तीसेक मीटर संपलेलेच असतात. उरलेल्या अंतरात गाडी थांबणे शक्य नसते. मागे दिवा नसलेली, परावर्तक चिखलाने वा पाचटाने झाकलेली उसाची ट्रॉली रस्त्यावर सोडून जाणारा मनुष्य कोणाच्या तरी घरातील दिवा विझवण्याची व्यवस्था करून जात असतो. २ नोव्हेंबर २०२५ रोजी राजस्थानात फलोदीजवळ देवदर्शनाहून परतणाऱ्या भाविकांचे वाहन रस्त्याकडेला उभ्या असलेल्या ट्रेलरवर आदळले आणि १५ जण दगावले. ते घरी परतत होते, एवढाच त्यांचा अपराध!

बेदरकारपणे हाकलेल्या वाहनाची कथाही निराळी नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये रांजणगाव वसाहतीजवळ कारेगाव येथे विरुद्ध दिशेने आलेल्या कंटेनरवर मोटार आदळून एकाच कुटुंबातील पाच जणांचा अंत झाला. पुढच्या वळणापर्यंतचा वळसा वाचवावा, हा विरुद्ध दिशेने जाण्यामागचा नेहमीचा विचार. त्या वळशात वाचतात किती मिनिटे? २०२३ या एका वर्षात आपल्या देशात रस्ते अपघातांत १ लाख ७२ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. कोणत्याही युद्धात इतकी हानी झाली असती तर राष्ट्राने श्वास रोखून धरला असता. रस्त्यावरची ही हानी मात्र आपण वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर वाचून पान उलटतो.

अर्थात, दोष प्रत्येक वेळी मालमोटारीचाच असतो असेही नाही. २० जुलै २०१९ च्या मध्यरात्री कदमवाकवस्तीजवळ आपल्याच यवत गावचे नऊ तरुण विद्यार्थी गेले. त्यांची मोटार दुभाजक ओलांडून समोरून येणाऱ्या मालमोटारीवर गेली होती. म्हणून ‘ट्रकवाले तसलेच’ असा सरसकट शिक्का मारण्यापूर्वी आपण थांबले पाहिजे. न्याय करायचा तर तो पुरता करावा.

कायदा काय सांगतो? १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील कलम १२२ स्पष्ट आहे. इतरांना धोका, अडथळा किंवा अकारण गैरसोय होईल अशा स्थितीत सार्वजनिक जागी वाहन उभे ठेवता येत नाही. सार्वजनिक मार्गात अडथळा आणण्याबद्दल जुन्या दंडविधानाच्या कलम २८३ मध्ये केवळ २०० रुपये दंड होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ ने ही मर्यादा ५ हजार रुपयांपर्यंत नेली. म्हणजे कायद्याची उणीव नाही. उणीव आहे ती दूरध्वनी न करण्याच्या निग्रहाची! गाडी पकडली गेली की ‘आपला माणूस आहे, सोडून द्या’ असा निरोप पोलिसांना जातो. तो निरोप देणारेही आपणच आणि दुसऱ्या दिवशी कोंडीबद्दल प्रशासनाला दोष देणारेही आपणच. कायदा आपल्या माणसालाही लागू होतो, हे मान्य करणे ही नागरिकत्वाची पहिली पायरी आहे.

आता थोडे चालकाच्या बाजूने पाहू. दत्तोपंत ठेंगडी यांनी १९५५ मध्ये भारतीय मजदूर संघाची स्थापना केली. तो संघ विश्वकर्मा जयंती हा श्रमिकांचा दिवस म्हणून साजरा करतो. श्रमिक हा राष्ट्रनिर्माणाचा विश्वकर्मा आहे, ही त्यामागील दृष्टी. चालकाकडे आपण त्या दृष्टीने पाहतो काय? १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकासाठी दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास कामाची मर्यादा घातली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो कायदा नव्या श्रमसंहितेत विलीन झाला, आठ तासांचे तत्त्व कायम राहिले. पण ‘माल उद्या सकाळी पोहोचलाच पाहिजे’ असे दरडावणारा मालक आणि व्यापारी त्या तत्त्वाला विचारतो कुठे? मालमोटारींच्या चालककक्षात वातानुकूलन असावे, हा नियमसुद्धा नव्या वाहनांसाठी १ ऑक्टोबर २०२५ पासून आला. तोवर वैशाखाच्या उन्हात इंजिनाशेजारी तापत बसलेल्या माणसाने सौजन्याची मूर्ती व्हावे, अशी आपली अपेक्षा होती.

तो रस्त्याकडेला का थांबतो? कारण कारखान्याचे फाटक सकाळी उघडणार असते आणि आत उभे राहण्यास त्याला परवानगी नसते. सुनसान जागी थांबावे तर डिझेल आणि ताडपत्रीखालचा माल चोरीला जाण्याची भीती. म्हणून जेथे दिवा, चहा आणि माणसांची वर्दळ, तेथे तो थांबतो, आणि ती जागा नेमकी चौकाची असते. यामुळे त्याची चूक बरोबर ठरत नाही. पण ती दुरुस्त करण्याचा मार्ग मात्र दिसतो.

तो मार्ग दूर शोधायला नको. दर वर्षी जगद्गुरू तुकोबारायांची पालखी आपल्या तालुक्यातून जाते. यवतला पिठलं-भाकरीचा पाहुणचार होतो, वरवंडला मुक्काम होतो, पाटसहून रोटीचा घाट चढून सोहळा पुढे जातो. वारकऱ्यांची शिस्त आपण पाहतो, पण त्यांच्यासोबतच्या मालमोटारी आपण कधी नीट पाहिल्या आहेत काय? प्रत्येक दिंडीचे सामान घेऊन तिचे वाहन पुढच्या मुक्कामी आधी पोहोचते, नेमून दिलेल्या जागी लागते, राहुट्या उभ्या राहतात, चुली पेटतात. शेकडो वाहने, हजारो माणसे, पण पालखीची वाट मोकळी असते. हे चालक कोणी निराळ्या लोकातून आलेले नसतात. वर्षभर इतर माल वाहणारेच त्यांत असतात. मग तेथे शिस्त येते कोठून? जागा ठरलेली असते, वेळ ठरलेली असते आणि सांगणारा माणूस आपलेपणाने सांगतो. या तीन गोष्टी वारीत साधतात आणि वर्षाच्या उरलेल्या दिवसांत साधत नाहीत, एवढाच काय तो फरक!

त्यातूनच मला जे मुख्य सांगायचे आहे ते निघते. ज्याने वाहन बोलावले, त्याने त्याच्या थांबण्याची व्यवस्था केली पाहिजे. पाहुण्याला बोलावून उंबऱ्यावर तिष्ठत ठेवणे आपल्या संस्कृतीत बसत नाही. मालाची गाडीही आपल्याच निमंत्रणावरून आलेली असते.

म्हणून व्यापारी बंधूंना माझी विनंती आहे. पेठेतील दुकानदारांनी एकत्र बसून माल उतरवण्याच्या वेळा ठरवाव्यात. शाळा भरण्या-सुटण्याच्या आणि बाजाराच्या वेळा त्यातून वगळाव्यात. गाडी येण्यापूर्वी हमाल हजर असावेत. दुकानापुढे मांडलेला माल आत घेतला तर छोटा टेम्पो सहज कडेला लागतो. मोठी गाडी पेठेबाहेर थांबवून माल लहान वाहनाने आणावा. कारखानदारांनी आणि साखर कारखान्यांनी आपल्या आवाराजवळ वाहनतळ द्यावा. तेथे दिवा, पाणी, शौचालय आणि पहारेकरी असावा. नगरपरिषद आणि पोलीस प्रशासन यांना वाहनतळ व प्रवेशाच्या वेळा निश्चित करण्याचे अधिकार कायद्याने दिलेलेच आहेत. नागरिकांनी मागणीचे निवेदन देऊन थांबू नये, योग्य जागाही सुचवावी.

चालक बांधवांनो, आपल्याकडूनही काही मागणे आहे. वळणावर, पुलावर, मोरीच्या तोंडाशी, शाळा व रुग्णालयाच्या दारासमोर गाडी कदापि उभी करू नका. महामार्गावर गाडी बंद पडली तर चारही दिवे लावा आणि निदान शंभर पावले मागे धोक्याचा त्रिकोण ठेवा. टायर बदलताना लावलेले दगड निघताना उचलून टाका. तुम्ही सोडलेल्या त्या दगडावर रात्री एखादा दुचाकीस्वार पडतो आणि तो का पडला हे कोणालाही कळत नाही. उसाच्या ट्रॉलीमागे परावर्तक कापड बांधा. गाडीच्या काचेवर आपला भ्रमणध्वनी क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहा, म्हणजे अडलेला माणूस शिवी देण्याऐवजी तुम्हाला बोलावू शकेल.

आणि आपण सामान्य नागरिक? आधी बोलावे, तेही गोड बोलावे. ‘दादा, गाडी चार हात पुढे घेता का?’ या वाक्याने जे काम होते ते भोंग्याने होत नाही. ऐकले नाही तर हातघाईवर न येता गाडीचा क्रमांक टिपून पोलिसांना कळवावा. तातडीच्या प्रसंगी ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हे क्रमांक उपलब्ध आहेत. आणखी एक. आपल्या उत्सवाचा मांडव आणि आपल्या लग्नाची वरात रस्ता अडवते, तेव्हा तो अडथळा आपल्याला दिसत नाही. रुग्णवाहिकेतील रुग्णाला मात्र मांडव आणि मालमोटार यांत भेद करता येत नाही. दुसऱ्याला शिस्त सांगण्याचा अधिकार स्वतःच्या आचरणातून येतो.

पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एप्रिल १९६५ मध्ये मुंबईत एकात्म मानवदर्शनावर व्याख्याने दिली. व्यक्ती आणि समाज हे परस्परांचे शत्रू नाहीत, हे त्यांनी मांडले. रस्ता हे त्याचे रोजचे प्रात्यक्षिक आहे. माझी सोय तुमच्या जिवावर उठू नये आणि तुमची घाई माझ्या पोटावर येऊ नये, असे जगणे म्हणजेच धर्म. समाजाची धारणा करतो तो धर्म, ही व्याख्या आपल्याला पाठ आहे. विजयादशमीला आपण वाहनाला हार घालतो, नारळ फोडतो. त्या पूजेची सांगता वाहन योग्य जागी उभे करण्याने होते, हेही पाठ व्हायला हवे.

शताब्दीनिमित्त संघाने जे पंचपरिवर्तन समाजापुढे ठेवले, त्यात नागरिक कर्तव्य हा एक विषय आहे. त्याचा आरंभ कोठून करावा, असे अनेक जण विचारतात. दौंडकरांसाठी उत्तर सोपे आहे. या पेठेतील पंचवीस दुकानदार आणि त्यांच्याकडे येणारे चालक यांनी येत्या आठवड्यात एकत्र बसावे, वेळा ठरवाव्यात, त्या फलकावर लिहाव्यात आणि महिनाभर पाळून दाखवाव्यात. कुरकुंभ मोरीपाशी अडकलेल्या एखाद्या रुग्णवाहिकेला त्यामुळे पाच मिनिटे आधी वाट मिळाली, तर या उत्सवाचा तिळगूळ सत्कारणी लागला असे मी समजेन.

 भारतमाता की जय!