तोंडी परीक्षा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला चार शब्द बोलावयास सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण अवघे सातवीपर्यंत. पुढची शाळा दुसऱ्या गावी होती, आणि मुलीच्या जातीला तेवढ्या लांब कोण पाठविणार? तेव्हा ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मुलांच्या परीक्षा’ या विषयावर मी काय बोलावे! परंतु हे प्रकरण आमच्या घरात येऊन एकदा रडवून गेले आहे. म्हणून धीर करून उभी राहिले आहे.

आधी एक जुनी गोष्ट सांगते. मला पाहावयास मंडळी आली तेव्हा आईने चकल्यांचे ताट पुढे केले व म्हणाली, “आमच्या मुलीनंच केल्यात हो!” केल्या होत्या मावशीने. सर्वांनी वाखाणल्या. होणाऱ्या सासूबाईंनी मात्र एक चकली मोडली आणि हळूच विचारले, “भाजणीत डाळी कोणकोणत्या घातल्यास गं?” मी आपली गप्प! तरी त्यांनी मला पसंत केले ही त्यांची थोरवी. पहिल्या दिवाळीत त्यांनी मला समोर बसवून माझ्याकडून भाजणी करविली. नुसती चकली पाहून सुगरण ओळखता येत नाही, हे तेव्हा कळले.

आज मुलांच्या वह्यांचे तसेच झाले आहे. 30 नोव्हेंबर 2022 रोजी अमेरिकेतील ओपनएआय कंपनीने चॅटजीपीटी सर्वांना खुले केले. विषय सांगावा, की चहाला आधण येण्याच्या आत निबंध तयार! घरून लिहून आणलेल्या निबंधाला गुण द्यावयाचे ही जी रीत, तिचा पायाच त्याने हलविला. न्यूयॉर्क शहराच्या शिक्षणखात्याने जानेवारी 2023 मध्ये शाळांतील संगणकांवर त्याला बंदी केली, आणि मे महिन्यात ती मागे घेतली. मुलांच्या घरच्या फोनला कोण कुलूप लावणार?

मग चोरी पकडणारी यंत्रे निघाली. ओपनएआयनेही जानेवारी 2023 मध्ये असे एक साधन काढले; पण ते नीट ओळखत नाही म्हणून जुलैत तिनेच ते बंद केले. ही यंत्रे काय पाहतात? पुढचा शब्द सहज ओळखता येईल असे साधे, सरळ लिखाण दिसले, की त्यांना ते यंत्राचे वाटते. आता इंग्रजी शिकणारी आपली मुले साधेच लिहिणार ना? स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी 2023 साली हेच दाखविले. ज्यांची मायबोली इंग्रजी नाही अशा विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी निम्म्याहून अधिक या यंत्रांनी खोटे ठरविले होते.

आमच्या थोरलीचे तेच झाले. ती बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरबसल्या काम करणाऱ्या बायकांच्या मिळकतीवर तिला इंग्रजीत प्रकल्प लिहावयाचा होता, गुण 20. पापड लाटणाऱ्या नऊ जणींच्या घरी ती जाऊन आली. कोण दिवसाला किती लाटते, किलोमागे काय मिळते, सारे वहीत टिपले. आणि कॉलेजातून निरोप आला, ‘हे लिखाण यंत्राचे आहे, गुण शून्य.’ पोरगी दोन दिवस धड जेवली नाही.

शेवटी मी ती वही घेतली. खाडाखोड केलेली, पानांवर पिठाची बोटे उठलेली. तिच्याबरोबर कॉलेजात गेले आणि बाईंना म्हटले, “मला इंग्रजी कळत नाही, पण तिला समोर बसवा आणि विचारा.” बाई भल्या. त्यांनी वीस मिनिटे विचारले. थोरलीने भराभर सांगितले. मी मनात म्हटले, जिंकली! तोच तीच खाली मान घालून म्हणाली, “बाई, शेवटचे पान मात्र मी फोनकडून लिहून घेतले.” धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे मला झाले.

बाईंनी ते पान तिच्याकडून तिथेच हाताने लिहून घेतले. फोनने लिहिले होते की, या कामामुळे स्त्रिया स्वावलंबी होत आहेत. थोरलीने मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिले की, नऊपैकी सात जणींच्या हाती स्वतःचा पैसा राहतच नाही. गुण मिळाले 13. मला ते 20 हून मोठे वाटतात.

आता कित्येक ठिकाणी परीक्षाच बदलू लागल्या आहेत. ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठाने दोन वाटा केल्या आहेत: काही परीक्षा देखरेखीखाली, आणि बाकीच्या कामात यंत्राची मदत घेण्यास मोकळीक. आपल्या दहावीला बहुतेक मुख्य विषयांत 80 गुणांची लेखी परीक्षा असते आणि 20 गुण शाळेकडे असतात. पेपर डोळ्यांसमोर होतो. घोर आहे तो घरून करून आणावयाच्या कामाचा.

तोंडी परीक्षेलाही अडचणी आहेत. साठ-सत्तर मुलांचे एकेक करून बाईंनी कधी ऐकावे? आणि बुजऱ्या मुलीला येत असूनही तोंड उघडत नाही, हे चकलीच्या वेळी मी भोगले आहे. (अर्थात मला तेव्हा येतही नव्हते!)

म्हणूनच माझी एक सूचना आहे. आपल्या मंडळाच्या खोलीत दर शनिवारी तासभर मुलांना बोलवावे. त्यांनी आठवड्यात जे लिहिले ते आपल्याला समजावून सांगावे, आणि आपण कळेपर्यंत “असे का?” म्हणून विचारीत राहावे. त्याला पदवी लागत नाही. उलट आपल्याला ठाऊक नाही हेच तिथे उपयोगी. मुलांची भीड चेपेल, आणि पाठ केलेले कोणते व समजलेले कोणते, हे त्यांचे त्यांनाच कळेल.

पहिल्या शनिवारी आमची थोरली येईल. तिला मी सांगून ठेवले आहे, की ते शेवटचे पान आधी वाचावयाचे. त्या नऊ जणींपैकी चौघी आज इथे बसल्या आहेत. त्यांनीही तिला विचारावे.