येरवड्याची शिकवण आणि अपुरा कायदा
(करमाळा येथील व्याख्यानाचा संपादित भाग)



लेखणी आणि मोर्चा यांचे नाते सोलापूर जिल्ह्याला नव्याने सांगावे लागत नाही. मे १९३० मध्ये इंग्रज सरकारने सोलापुरात लष्करी कायदा पुकारला. 'कर्मयोगी'चे संपादक रामभाऊ राजवाडे यांना त्या काळात कारावास घडला. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि 'गझनफर'चे संपादक कुर्बान हुसेन हे चौघे १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या कारागृहात फासावर गेले.

ती सत्ता परकी होती. पण १९७५ साली स्वकीयांच्या राज्यात याच येरवड्याचे दरवाजे पुन्हा उघडले. संघावर ४ जुलै रोजी बंदी आली. सरसंघचालक बाळासाहेब देवरस येथेच स्थानबद्ध होते. नोव्हेंबरपासून हजारो स्वयंसेवकांनी सत्याग्रह केला. पण वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी असल्याने शेजारच्या गावातील अटकेची वार्ताही छापून येत नसे. आंदोलन दडपायचे असेल तर आधी वृत्तपत्र मुके करावे लागते, हे तेव्हा उमगले.

त्या अंधारात मुंबई उच्च न्यायालयाने दिवा लावला. मिनू मसानी यांच्या 'फ्रीडम फर्स्ट'मधील मजकूर अभ्यवेक्षकाने अडविला होता. फेब्रुवारी १९७६ मध्ये न्यायालयाने बजावले की, आणीबाणीतही शासनावर टीका करणे हा अपराध नव्हे. परंतु न्यायमूर्तींच्या धैर्यावर किती काळ विसंबावे? त्याच एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धांना दाद मागण्याचा मार्गच बंद केला.

म्हणूनच सत्तांतरानंतरची खरी कमाई म्हणजे १९७८ ची ४४ वी घटनादुरुस्ती. 'अंतर्गत अशांतता' हे मोघम कारण जाऊन तेथे 'सशस्त्र बंड' आले. मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय अनिवार्य ठरला. जीविताचा हक्क आणीबाणीतही निलंबित करता येणार नाही, असे ठरले. संसदेच्या कामकाजाचे सत्य वृत्त छापण्यास अनुच्छेद ३६१-अ ने संरक्षण दिले. कारागृहात सोसलेले असे कायद्यात उतरले.

मात्र काम अपुरे राहिले. प्रतिबंधक स्थानबद्धतेला आवर घालणारे त्याच दुरुस्तीचे तिसरे कलम आजवर अमलात आलेले नाही. संसदेने संमत केले, पण अधिसूचना निघाली नाही. सरकारे कित्येक पक्षांची आली आणि गेली. जमावबंदीचेही तसेच. जुने कलम १४४ जाऊन १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत कलम १६३ आले. जमावबंदीचा आदेश सकारण हवा, तो पुनःपुन्हा काढीत राहणे हा अधिकाराचा दुरुपयोग होय, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये सांगितले. हे निकष कायद्याच्या शब्दांतच यावयास हवेत.

उजनीच्या जलाशयात या तालुक्यातील गावे गेली. अशा तालुक्यातील शेतकऱ्याला तहसील कचेरीपुढे बसण्याचा आणि स्थानिक वार्ताहराला ते निर्भयपणे लिहिण्याचा हक्क कुणाच्या मर्जीवर राहू नये. हिंसेला थारा नकोच. तिच्यासाठी दंडविधान समर्थ आहे.

आणि हे संरक्षण केवळ आपल्या माणसांसाठी मागावयाचे नाही. येरवड्यात स्वयंसेवक आणि समाजवादी एकाच बराकीत राहिले. सत्ता आज मित्राची असेल, उद्या प्रतिपक्षाची. कायदा मात्र दोघांच्याही हाती तोच जातो. आपल्या विरोधकाच्या हाती गेला तरी ज्याचे भय वाटणार नाही, तोच कायदा न्याय्य. ज्यांनी कारावास सोसला, त्यांच्या वारसांनीच या सुधारणेचा आग्रह धरावयास हवा.