दुपट्यांचे दिवस



आठवा महिना सरून नववा लागला की भेटणारा प्रत्येक माणूस एकच प्रश्न विचारतो, "तारीख कधीची दिलीये?" विचारणारा उत्तर ऐकून आपल्या वाटेला लागतो. जिला विचारलं तिचे दिवस मात्र जाता जात नाहीत. दोन जिने चढले तरी दम लागतो. रात्री कूस बदलायची तर आधी उठून बसावं लागतं, झोप तुकड्यातुकड्यांनी येते आणि दुपार तर संपतच नाही. जड काम होत नाही, आणि नुसतं पडून राहिलं की मनात नाही नाही ते येतं. या दिवसांत बाईनं करावं तरी काय, हा प्रश्न जुना आहे. पुण्यातल्या वाड्यांमधून त्याला एक फार शहाणं उत्तर मिळत असे. आज त्याचीच गोष्ट सांगते. ती गोष्ट दुपट्याची आहे.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं की पहिलटकरीण माहेरी यायची. ती आली की माळ्यावरून एक गाठोडं खाली उतरायचं. त्यात जुनेरं असायची. आजीची नऊवारी लुगडी, आजोबांची धोतरं, आईच्या विटलेल्या सुती साड्या. वर्षानुवर्षं धुतलेलं सुती कापड इतकं मऊ होतं की नवी कोरी मलमलही त्याच्यापुढे खरखरीत वाटावी. ही लुगडी उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळवायची. काठ उसवून बाजूला ठेवायचे, ते शेवटी दुपट्याच्या कडेला लावायला उपयोगी पडतात. मधलं कापड दोन-तीन पदरी घडी घालून चटईवर पसरायचं, तळहातानं सुरकुत्या काढायच्या, चारही बाजूंनी कच्चा टाका घालून घ्यायचा आणि मग धावदोऱ्याला सुरुवात करायची. कडेनं सुरू करून आत आत जायचं. टाका बारीक हवा आणि दोऱ्याची गाठ पदरांच्या आत लपवायला हवी, कारण बाळाच्या पाठीला ती टोचता कामा नये. धोतरांचे लंगोट व्हायचे. आंगड्याला बटण लावायचं नाही, बंद लावायचे. टोपडं हातात सुई धरता येणाऱ्या कुणालाही जमायचं. खणाची कुंची मात्र घरातली एखादी कसबी मावशीच शिवायची.

हे काम या दिवसांसाठी किती नेमकं होतं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. ते कधीही थांबवता येतं. पाठीत कळ आली, सुई कापडात खोचून ठेवली, जरा आडवं झालं, उठून पुन्हा दोन ओळी घातल्या. त्याला घाई नाही आणि त्यात चूक झाली तरी बिघडत नाही, टाका उसवून पुन्हा घालता येतो. संध्याकाळी हात फिरवून पाहिलं की दिवसभरात काय झालं ते बोटांना कळतं. नववा महिना म्हणजे नुसती वाट पाहणं असतं. आपल्या हातात काहीच नाही असं सारखं वाटत असतं. अशा वेळी रोज चार बोटं पुढे सरकणारं एखादं काम हाती असणं हा मोठा आधार असतो. शिवाय जमिनीवर, भिंतीला पाठ टेकून, पाय सैल सोडून बसायचं, अधूनमधून उठून दोरा शोधायला, कापड वाळत घालायला चार पावलं टाकायची. शरीरालाही तेच हवं असतं.

पण या सगळ्याहून मोठी गोष्ट वेगळीच होती. एका दुपट्याला चार कडा असतात. पहिलटकरीण एका कडेला बसली की शेजारच्या काकू दुसऱ्या कडेला येऊन बसायच्या. तिसऱ्या कडेला आत्या, चौथ्या कडेला कॉलेजातून आलेली धाकटी बहीण. टाके घालता घालता बोलणं व्हायचं. हाताला काम आणि नजर कापडावर असली की एरवी ओठावर न येणारं बोललं जातं. कळा कशा सुरू होतात, पाणी गेलं म्हणजे काय होतं, पहिल्या दिवशी दूध आलं नाही तर घाबरायचं की नाही, पाचव्या दिवशी उगाचच रडू का येतं. हे सगळं त्या पोरीला त्या दुपारीच कळायचं. कुणी तिला समोर बसवून धडा दिला नव्हता. म्हणून दुपटं हे या प्रथेचं निमित्त होतं असं मला वाटतं. खरी शिवण माणसांची होती.

जुनेरंच का वापरायची, याला आणखी एक कारण आहे आणि ते सुखाचं नाही. बाळ जन्मायच्या आधी नवं काही आणायचं नाही, असं आजही कित्येक घरांत सांगतात. पाळणा आणायचा नाही, नवं झबलं घ्यायचं नाही. हा नियम भीतीतून आला. मूल जगेल याची खात्री नव्हती, आणि बाळंतीण उठेल याचीही नव्हती. आनंदीबाई जोशी यांना चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. त्याला वैद्यकीय मदत मिळाली नाही, हे दुःख त्यांना थेट अमेरिकेला घेऊन गेलं. 1886 मध्ये त्या पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. तिथे त्यांनी प्रबंधासाठी विषय घेतला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात त्यांचा अंत झाला, तेव्हा त्यांना बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. त्या काळच्या घरांनी नवं कापड फाडायचं टाळलं आणि जुन्या कापडात हात गुंतवले, यात मला अंधश्रद्धेपेक्षा जपणूक अधिक दिसते. तयारीही झाली आणि नियतीला डिवचलंही नाही.

आनंदीबाईंनी ज्या परंपरेवर लिहिलं, त्या जुन्या वैद्यकातही हाच धागा आहे. गर्भधारणा टिकवणाऱ्या गोष्टींमध्ये मनाची प्रसन्नता सर्वांत श्रेष्ठ, असं चरकसंहिता सांगते. सूतिकागाराचं, म्हणजे बाळंतपणाच्या खोलीचं, वर्णन करताना तिथे गर्भिणीजवळ कोणत्या स्त्रिया असाव्यात हेही ती सांगते. ज्यांची अनेक बाळंतपणं झाली आहेत, ज्या मायाळू आहेत आणि ज्यांच्याशी तिचं जमतं अशा. आज जागतिक आरोग्य संघटनाही प्रसूतीच्या वेळी बाईच्या पसंतीचं माणूस तिच्यासोबत असावं अशी शिफारस करते. रमाबाई रानडे यांनी 1909 मध्ये पुण्यात सेवासदन उभं केलं. तिथे शिवणकाम शिकवलं जाई, आणि तिथल्याच बायका ससून रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण घेऊ लागल्या. सुई आणि शुश्रूषा या दोन्ही गोष्टी एकाच छपराखाली आल्या, हे मला फार बोलकं वाटतं.

मग दुपट्याभोवतीची ती दुपार गेली कुठे? पुण्यापुरतं एक उत्तर देता येतं. 12 जुलै 1961 ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचा बांध गेला आणि नदीकाठच्या पेठांमधले कितीतरी वाडे एका दिवसात पडले. माणसं गोखलेनगर, सहकारनगर अशा नव्या वस्त्यांत गेली. पुढे वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. वाड्याचा चौक गेला, सामाईक नळ गेला, आणि न बोलावता येऊन बसणारी शेजारीण गेली. मी वाड्यांचे गोडवे गाणार नाही. त्या अंधाऱ्या बाळंतिणीच्या खोल्या, तो धूर, ती शेगडी, एका संडासासाठी दहा बिऱ्हाडांची रांग, हे सगळं बायकांनीच सोसलं आहे. पण चार कडांना चार जणी बसण्याची सोय त्या वाड्यांबरोबर गेली, आणि तिच्या जागी आपण अजून काही उभं केलेलं नाही.

आज हिंजवडीत किंवा खराडीत नोकरी करणारी मुलगी नवव्या महिन्यापर्यंत लॅपटॉपसमोर असते. कायद्यानं 2017 पासून पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची पगारी रजा आहे आणि त्यातली 8 आठवड्यांपर्यंत आधी घेता येते. पण बहुतेक जणी एकेक दिवस बाळासाठी राखून ठेवतात, त्यामुळे बाळंतपणाआधीचा विसावा नावापुरता उरतो. रजा सुरू झाली की वाकडच्या अकराव्या मजल्यावर ती आणि तिचा फोन. बाळाचे कपडे तुळशीबागेतून, लक्ष्मी रस्त्यावरून किंवा घरबसल्या येतात. तयार बाळंतविडासुद्धा मिळतो, सुबक आणि सुंदर. त्यात काहीच वाईट नाही. मात्र फोनवर ती शोधते काय, तर कुणाचं बाळंतपण कसं अडलं याच्या हकिकती. रात्री तीन वाजता अशा हकिकती वाचून कुणाला झोप येईल?

या शहरात या दिवसांसाठी दुसरी एक वाटही घडली. बी. के. एस. अय्यंगार 1937 मध्ये पुण्यात आले आणि 1975 मध्ये त्यांनी शिवाजीनगरला योगसंस्था सुरू केली. त्यांच्या कन्या गीताताईंनी गर्भवतींसाठी काय करावं आणि काय टाळावं यावर आयुष्यभर काम केलं. 'योग : ए जेम फॉर विमेन' या त्यांच्या पुस्तकातही तो विषय सविस्तर आहे. लोड, घोंगड्यांच्या घड्या, खुर्ची यांचा आधार देऊन शरीराला ताण न देता मोकळं करायचं, ही त्यांची रीत. तळपाय एकमेकांना जोडून भिंतीशी ताठ बसायचं ते बद्धकोणासन पाहिलं की मला चटईवर दुपटं घेऊन बसलेल्या बायका आठवतात. डॉक्टरांना विचारून, जाणत्या शिक्षिकेच्या देखरेखीखाली हे जरूर करावं. रोज थोडं चालावं. रात्री डाव्या कुशीवर, गुडघ्यांमध्ये उशी घेऊन झोपावं, म्हणजे पोटाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येत नाही.

गर्भसंस्काराच्या वर्गांबद्दल मला अनेक जणी विचारतात. तिथे चार मैत्रिणी भेटत असतील, गाणं कानावर पडत असेल, तासभर स्वस्थता मिळत असेल तर अवश्य जा. शेवटच्या तीन महिन्यांत बाळाला ऐकू येतं आणि जन्मल्यावर ते आईचा आवाज ओळखतं, हे खरं आहे. पण बाळ हुशार व्हावं म्हणून रोज इतकं वाचलंच पाहिजे, इतकं ऐकलंच पाहिजे, नाहीतर आपण कमी पडलो, असं ओझं कुणी तुमच्यावर टाकत असेल तर ते घेऊ नका. अभिमन्यूची गोष्ट सांगताना लोक सुभद्रेच्या झोपेला दोष देतात. मला ते कधीच पटलं नाही. दिवस भरत आलेल्या बाईला ऐकता ऐकता डोळा लागला, तिला त्या झोपेची गरज होती. तुम्हालाही पुस्तक हातात असताना झोप आली तर झोपा.

डोहाळजेवणाबद्दलही एक मनापासून सांगायचं आहे. फुलांची वाडी, हिरवी साडी, झोपाळा, डोहाळ्याची गाणी, आवडीचं जेवण, हे सगळं राहावं. त्या दिवशी बाईचं कौतुक होतं आणि ते तिला पुढचे दोन महिने पुरतं. पण बर्फी की पेढा हा खेळ आता बंद करू या. पेढा निघाला की टाळ्या आणि बर्फी निघाली की क्षणभर शांतता, ही शांतता त्या मुलीला ऐकू जाते. ज्या राज्यात मुलींच्या जन्मासाठी कायदा करावा लागला, तिथे हा खेळ निरुपद्रवी राहत नाही. आणि ओटी भरायला फक्त सवाष्णीच कशाला? जिनं चार मुलं एकटीनं वाढवली त्या विधवा आत्याचा हात तिच्या पाठीवर फिरला पाहिजे.

शेवटच्या दिवसांत रिकामा वेळ मिळणं हीसुद्धा सगळ्यांच्या नशिबातली गोष्ट नाही. तुमच्या घरी धुणंभांडी करणारी ताई नवव्या महिन्यातही तीन घरं करत असते. तिला पगारासह सुट्टी द्या आणि बाळंतपणानंतर काम तिचंच राहील असं आधीच सांगा. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी रुग्णालयांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गर्भवतींची मोफत तपासणी होते, हे तिला सांगा आणि त्या दिवशी कामाला बोलावू नका.

मन रमवण्याच्या नादात एका गोष्टीकडे दुर्लक्ष नको. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, रक्त दिसलं, पाणी गेलं, डोकं फार दुखू लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा चेहरा आणि हात एकाएकी सुजले, तर सकाळची वाट पाहू नका, रुग्णालय गाठा. वाहन नसेल तर 108 ला फोन करा.

आणि ज्यांच्या घरात हे दिवस नाहीत, त्या श्रोत्यांना माझं एक सांगणं आहे. तुमच्या इमारतीत कुणाला आठवा-नववा महिना असेल. तारीख विचारायला जाऊ नका. कपाटातली एक जुनी, मऊ, सुती साडी धुऊन उन्हात वाळवा, सुईदोरा घ्या आणि आधी फोन करून, तिला चालत असेल तर, एखाद्या दुपारी तिच्याकडे जा. शिवता येत नसेल तरी जा. धावदोरा दहा मिनिटांत येतो.