ब्रॉयलरचे आजार : सकाळच्या फेरीत काय बघायचं?

आपल्या बचत गटांतल्या बऱ्याच जणींनी शेड उभारून ब्रॉयलर पाळायला सुरुवात केली आहे. कुणी करारावर, कुणी स्वतःच्या भांडवलावर. ब्रॉयलरचं आयुष्य पाच ते सहा आठवड्यांचं. गाय आजारी पडली तर उपचाराला वेळ मिळतो. इथे मात्र दोन दिवस दुर्लक्ष झालं की मर वाढते, वजन घटतं आणि हप्ता डोक्यावर राहतो. म्हणून आज एकच सांगणार आहे. रोज सकाळी खाद्य टाकण्याआधी पाच मिनिटं शेडच्या दारात शांत उभं राहा आणि बघा.

पिल्लं ब्रूडरच्या बल्बखाली गोळा झाली असतील तर त्यांना थंडी वाजतेय. बल्बपासून दूर जाऊन चोच उघडी टाकून धापा टाकत असतील तर उष्णता जास्त झालीय. सगळीकडे सारखी पसरली असतील तर ठीक. मग कान द्या. घरघर, शिंका ऐकू येतात का? आत शिरताच डोळे चुरचुरतात का? चुरचुरत असतील तर तो विष्ठेतून निघणारा अमोनिया आहे. त्यानं कोंबडीचा घसा, फुप्फुस कमकुवत होतं आणि श्वसनाचे आजार शिरतात. थंडीत आपण पडदे घट्ट बंद करतो, तिथेच चूक होते. पडदा वरच्या बाजूला थोडा उघडा ठेवा. थंड वारा अंगावर यायला नको, पण वाईट हवा बाहेर जायला हवी.

आता गादी बघा. मूठभर तूस घेऊन दाबा. मूठ उघडल्यावर तूस सुटून पडलं तर बरं. गोळा तसाच राहिला तर गादी ओली आहे. ओल्या गादीतून येते ती रक्ती हगवण. तिच्या जंतूंची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. ओल आणि ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत ती रोग लावायला तयार होतात. पिल्लू चोच मारतं, गिळतं, आणि विष्ठेत रक्त दिसू लागतं. म्हणून गळणारं पाण्याचं भांडं आधी दुरुस्त करा, ओले पापुद्रे बाहेर काढा, कोरडं तूस टाका, गादी रोज खालीवर करा. रक्त दिसलंच तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

दोन आजार मात्र गादी सांभाळूनही येतात. पहिला मानमोडी, म्हणजेच राणीखेत. हिरवट हगवण, श्वासाला त्रास, मान वाकडी, पंख-पाय लुळे. दुसरा गंबोरो. साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात पिल्लं पिसं फुलवून बसतात, पांढरी पातळ हगवण होते आणि एकदम मर लागते. दोन्ही विषाणूंचे आजार. यांवर औषध नाही, लस आहे. सर्वसाधारणपणे पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडीची, दोन आठवड्यांच्या सुमारास गंबोरोची आणि पुढे मानमोडीची पुन्हा एकदा. नेमक्या तारखा डॉक्टरांकडून लिहून घ्या. लस बर्फात आणा. पाण्यातून द्यायची असेल तर त्या पाण्यात ब्लीचिंग नको, नाहीतर लस मरते. आधी तास-दोन तास पाणी बंद ठेवा, म्हणजे सगळी पिल्लं पितील. कालवलेली लस दोन तासांत संपवा, उरलेली दुसऱ्या दिवसाला ठेवू नका.

वस्तीत दोघी-तिघींच्या लहान शेड असतील तर पिल्लं एकाच दिवशी आणा, म्हणजे लसीची बाटली वाटून घेता येते. पण एकीनं दुसरीच्या शेडमध्ये जायचं नाही. रोग पायांनी चालत येतो. दाराशी जंतुनाशकाचं पाणी ठेवा, शेडची चप्पल वेगळी ठेवा. अंगणातल्या गावरान कोंबड्याही शेडपासून लांबच हव्यात.

मर दिसली की दुकानातून अँटिबायोटिक आणून पाण्यात टाकायचं, ही सवय सोडा. विषाणूवर ते चालत नाही. पैसे जातात, आणि औषधाचा अंश मांसातून माणसाच्या पोटात जातो. कोलिस्टिन हे औषध तर सरकारने 2019 मध्ये खाण्याच्या जनावरांसाठी आणि कोंबड्यांसाठी बंद केलं आहे. डॉक्टरांनी औषध दिलं तर एक प्रश्न विचाराच : हे दिल्यावर किती दिवस पक्षी विकायचा नाही?

मेलेला पक्षी ओढ्यात टाकू नका, कुत्र्याला घालू नका, स्वस्तात तर मुळीच विकू नका. खोल खड्डा, चुना आणि माती. 2006 च्या फेब्रुवारीत आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला आणि लाखो पक्षी मारावे लागले. म्हणून रोजची मर वहीत लिहा. रोज एखाद-दुसरं पिल्लू दगावणं वेगळं, आणि आकडा एका दिवसात दुप्पट-तिप्पट होणं वेगळं. तसं झालं तर विक्री थांबवा, पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा किंवा 1962 या क्रमांकावर फोन करा. लपवलं तर आपल्या शेडबरोबर शेजारणीचीही शेड जाते.

उद्या सकाळी खाद्याची बादली उचलण्याआधी दारात पाच मिनिटं थांबा. काय दिसलं ते गटाच्या बैठकीत एकमेकींना सांगा.