डॉक्टर दूर, नाडी जवळ

माझ्या आत्याबाई डोंगरातल्या एका लहानशा गावी राहतात. वय सत्तरीच्या पुढे, रक्तदाबाचं दुखणं जुनं. तालुक्याच्या दवाखान्यात जायचं म्हणजे सकाळची एस.टी. गाठायची आणि दिवेलागणीला परतायचं. सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते ती निराळीच.

मागल्या दिवाळीत मी त्यांना गावच्या आरोग्य उपकेंद्रात नेलं. तिथल्या आरोग्य अधिकारी बाईंनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजला आणि पडद्यावर डॉक्टरांना गाठलं. डॉक्टर म्हणाले, “घोट्याजवळ बोट दाबून धरा पाहू.” बाईंनी दाबलं. बोट काढल्यावर राहिलेला खळगा डॉक्टरांनी शहरात बसून पाहिला आणि गोळी बदलून दिली. बाहेर आल्यावर आत्याबाई म्हणाल्या, “डॉक्टर पेटीतला असंना का, बोट आपल्या गावचं होतं!”

दूरवैद्यक म्हणतात ते हेच. आपल्या देशात ही कल्पना अगदी नवी नव्हे. आंध्र प्रदेशातील अरगोंडा या खेड्यातले रुग्णालय शहरातील तज्ज्ञांशी जोडण्याचा प्रयोग २००० साली झाला. २०१९ च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारची ‘ई-संजीवनी’ सेवा सुरू झाली, आणि २०२० च्या एप्रिलमध्ये, टाळेबंदीच्या दिवसांत, तिच्यातून घरबसल्या सल्ला मिळू लागला.

मग उपकेंद्र हवंच कशाला? आम्हीही एकदा घरूनच फोन लावून पाहिला. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, “आजचा रक्तदाब किती?” आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो!

तार डॉक्टरांचे डोळे आणि शब्द आणते; हात मात्र गावातच असावा लागतो. डोंगराळ व आदिवासी भागात ३,००० वस्तीमागे एक उपकेंद्र असावे, असा सरकारी दंडक आहे. पण त्याच्या दाराला कुलूप असेल किंवा कपाटात गोळ्या नसतील, तर दूरच्या डॉक्टरांचा सल्ला कागदावरच राहील. आणि छातीत कळ आली, धाप लागली, तर पडद्यापुढे बसून वेळ दवडू नये. सरळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

तेव्हा येत्या ग्रामसभेत रस्ता आणि पाणी यांच्या जोडीला एवढं अवश्य विचारा : उपकेंद्र महिन्यातून किती दिवस उघडं होतं? तिथे बाई आहेत का? गोळ्या आहेत का?