मुंबईकरांचें बाहेरचें जेवण

बाहेर जेवावयास जाणें म्हणजे चैन, असा समज आज रूढ झाला आहे. मुंबईपुरतें पाहिलें तर ही चाल चैनींतून निघाली नाहीं. ती अडचणींतून निघाली. १८५६ सालीं या शहरांत पहिली कापडगिरणी चालू झाली, आणि पुढें कोंकणांतून व घाटावरून कामकरी पुरुषांची रीघ लागली. बायकामुलें गांवीं, दहाबारा जण एका खोलींत, आणि काम पाळ्यापाळ्यांचें. अशा माणसानें चूल मांडावी कोठें? त्याला खानावळीनें तारलें.

गिरणगांवची खानावळ म्हणजे पाटी लावलेलें दुकान नव्हे. एखादी बाई आपल्याच खोलींत दोन वेळां गिरणीच्या गड्यांना भाकरी, कालवण आणि भात वाढी. पैसे हातीं येत ते पगाराच्या दिवशीं. तोंपर्यंत वाण्याची उधारी व सावकाराचें व्याज तिच्या माथीं असे. महिनाभर कामगाराला पोसण्याचें भांडवल ही बाई घालीत असे. धंदेवाल्यांच्या यादींत मात्र तिचें नांव कोठेंच नसे. १९७५ सालीं प्रेमाताई पुरव यांनीं अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून अशा बायकांना बँकेच्या कर्जाची वाट मोकळी करून दिली. पण १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. त्यानंतर एकामागून एक गिरण्या मिटल्या, आणि जेवणारेच उरले नाहींत तेव्हां अनेक चुली विझल्या.

शहराच्या दक्षिण भागांत निराळीच सोय झाली. इराणांतून आलेल्या कुटुंबांनीं रस्त्यांच्या नाक्यांवर चहाचीं दुकानें थाटलीं. धोबीतलावाजवळचें कयानी १९०४ चें, बॅलार्ड इस्टेटींतलें ब्रिटानिया १९२३ चें. संगमरवरी मेज, ब्रूनमस्का आणि दाट चहा, एवढ्या थाटावर तीं नांवारूपास आलीं. ज्या काळीं पंगतीला बसतांना जातीचा विचार सुटत नसे, त्या काळीं या मेजांवर हमाल आणि कारकून शेजारीं बसून चहा पीत. सुधारकांच्या व्याख्यानांनीं जें काम हळूहळू होत होतें, तें येथें कोणाच्या ध्यानींमनीं नसतां होत गेलें.

दादरला १९१० सालीं निघालेलें मामा काणे यांचें उपाहारगृह मराठी मध्यमवर्गाचें लाडकें झालें. माटुंग्यास ए. रामा नायक यांनीं १९४२ सालीं काढलेल्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगांत केळीच्या पानावर जेवावयास सर्व प्रांतांचे लोक जाऊं लागले. मग १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्य यांनीं बटाटावडा पावांत घालून विकण्यास आरंभ केला, असें सांगतात. या खाण्याला ना ताट लागे, ना बांक. गाडी गांठतां गांठतां भूक भागे.

हीं सारीं ठिकाणें एकत्र पाहिलीं म्हणजे मुंबईकराच्या आवडीचें मर्म कळतें. खिशाला झेपेल असा दर, वेळेवर मिळणारा घास, आणि 'तूं कोण, कोठला' असें न विचारणारा मालक, या तीन गोष्टी जेथें मिळाल्या तेथें तो पुन्हां पुन्हां गेला. चव ही त्यानंतर आली, आणि संवयीनें जिभेवर बसली.

आज गिरण्यांच्या जागीं उंच इमारती आणि झगमगीत भोजनगृहें उभीं आहेत. तीं असावींत, त्यांत वावगें कांहींच नाहीं. परंतु त्या इमारतीच्या दारावर बारा तास उभा राहणारा पहारेकरी दुपारीं कोठें जेवतो, हाही प्रश्न नगराची आंखणी करणारांनीं स्वतःला विचारावयास हवा. स्वस्त खानावळीला जागा ठेवणें हें दानधर्माचें काम नव्हे. शाळा, दवाखाना आणि पाण्याचा नळ यांच्या पंक्तींत बसणारी ती नगराची गरज आहे. मुंबईनें आपल्या वाढत्या वयांत ही गरज परक्या माणसांच्या आणि निरक्षर बायांच्या हिंमतीवर भागविली. आतां ती जबाबदारी शहरानें स्वतःकडे घेण्याची वेळ आली आहे.